साकवावरचा पाहुणा

बालमित्रांनो, दिवेलागणीनंतर तुमच्या घरी सापाचं नाव घेतात का? आमच्याकडे घेत नसत. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावी आजी सापाला ‘लांबडं’ म्हणायची. कुणाला साप चावला तर ‘पान लागलं’ असं हळू आवाजात सांगायचे. लहानपणी मला वाटे, पान लागलं म्हणजे विडा रंगला असेल! मग एवढं रडायला काय झालं?

पुढे डी.एड. झाले, नोकरी लागली ती थेट सिंधुदुर्ग जिल्ह्यात. इथे पाहते तर सापाचं नाव आणखी वेगळं. कुणी ‘किरडू’ म्हणतं, कुणी नुसतंच ‘जनावर’. नाव घेतलं की तो दारात येतो म्हणे. पण मला सांगा, ज्याच्या नावाचीही एवढी धास्ती, त्याची निदान तोंडओळख तरी असावी की नाही? सगळ्या सापांना एकाच काठीने मोजायचं, हे काही बरं नव्हे. अशाच एका सापाची ओळख मला दुसरीतल्या एका मुलाने करून दिली. त्याची ही हकिगत.

२०१८ च्या जूनमध्ये माझी बदली आंबोलीच्या परिसरातल्या एका छोट्या शाळेत झाली. आंबोली ठाऊक आहे ना? सावंतवाडीहून घाट चढून वर आलं की सुमारे ६९० मीटर उंचीवर हे गाव लागतं. महाराष्ट्रात सर्वांत जास्त पाऊस पडणाऱ्या ठिकाणांत त्याचा नंबर. वर्षाला सुमारे ७०० सेंटिमीटर! आमच्या गावाकडे ६० सेंटिमीटर झाला की लोक म्हणतात, यंदा बरा झाला. तिकडे पाऊस म्हणजे चार दिवसांचा पाहुणा. आंबोलीत तो घरमालक असतो आणि आपणच पाहुणे. वह्या दमट, खडू दमट, वाळत घातलेली साडी तिसऱ्या दिवशीही दमट. धुकं तर वर्गात येऊन बसायचं. हजेरी घेताना मागच्या बाकावरची मुलं दिसेनाशी व्हायची, आवाजावरून ‘हजर’ लिहायचं!

शाळा पहिली ते चौथीची. पट अकरा. त्यातली सात मुलं पलीकडच्या वाडीतून यायची. मध्ये व्हाळ, म्हणजे जंगलातला ओढा. त्यावर गावकऱ्यांनी घातलेला लाकडी साकव, दहा-बारा पावलांचा. या वाटेने वाडीतून शाळेत यायला वीस मिनिटं लागतात. डांबरी रस्त्याने वळसा घालून आलं तर पाऊण तास. त्यामुळे सगळ्यांची वाट साकवावरूनच.

जुलैच्या मध्यावर, आषाढ नुकताच लागला होता तेव्हा, मी पालकभेटीसाठी वाडीत निघाले. शाळा सुटली होती. मुलं माझ्या पुढे-मागे. पावसाने जरा उघडीप दिली होती, पण झाडं मात्र आपला वेगळा पाऊस पाडतच होती. साकवाच्या मध्यावर आलो आणि सगळ्यांत पुढे असलेला दुसरीतला मुलगा एकदम थांबला. दोन्ही हात आडवे करून त्याने वाट अडवली.

“बाई, थांबा! फुडे जाव नकात. किरडू आसा.”

“कुठे?”

“थंय. तुमच्या नाकाफुडे!”

माझ्या नाकापुढे होतं ते साकवाचं पलीकडचं टोक. तिथे कठड्यावर झुकलेली एका झाडाची फांदी. फांदीवर शेवाळ, शेवाळावर पाणी. दोन-चार वाळकी पानं अडकलेली. झालं! मी पाहतेय, पाहतेय, मला काही दिसेना. मुलं मात्र कुजबुजायला लागली होती. म्हणजे सगळ्यांना दिसत होतं, फक्त बाईंनाच नाही. तो मुलगा मला समजावून सांगायला लागला, अगदी मी फळ्यावर सांगते तसा: “बाई, आदी ती मोडकी फांदी बगा. तेच्या खाली दोन बोटा सोडा. आता पान बगा. ता पान नाय!”

ते पान नव्हतं. ते डोकं होतं.

एकदा डोकं दिसलं आणि मग कोडं सुटावं तसा अख्खा साप दिसला. फांदीच्या बेचक्यात वेटोळं करून तो बसला होता. अंगाचा रंग शेवाळी हिरवा, त्यावर तपकिरी ठिगळं. फांदीवरच्या शेवाळाचाच एक तुकडा सुटून गोल झाला असावा ना, अगदी तसा. डोकं तिकोनी, मानेपेक्षा चांगलं रुंद. डोळ्यातली बाहुली मांजरासारखी उभी. शेपटीने फांदीला विळखा घातलेला. तोंडाच्या टोकाला पावसाचा एक थेंब लोंबत होता. तो पडला, दुसरा जमला. तोही पडला. साप हलला नाही. जीभ बाहेर काढली नाही, मान वर केली नाही. आम्ही आठ जणं त्याच्यापासून पाच-सहा पावलांवर उभे होतो आणि तो असा बसला होता, जणू आम्ही नव्हतोच.

“ता मेलेला आसा काय?” पहिलीतल्या एकीने विचारलं.

“नाय गो, जिता आसा. चापडो तो!”

मी मुलांना हळूहळू, पाठ न फिरवता मागे घेतलं आणि रस्त्याच्या वळशाने एकेकाला घरी पोचवलं. वाडीत शिरेपर्यंत बातमी आमच्या आधी पोचली होती!

दुसऱ्या दिवशी सकाळी वन विभागाचे एक वनरक्षक येऊन पाहून गेले. त्यांनी सांगितलं, “बाई, हा मलबारी चापडा. विषारी आहे, पण फार लाजाळू.” त्यांच्याकडून आणि नंतर पुस्तकांतून मला जे कळलं, ते तुम्हालाही सांगते.

आपल्याकडे चापडा म्हणतात त्यात दोन साप मुख्य. बांबूच्या बेटांत राहणारा हिरवागार तो नुसता चापडा आणि हा दुसरा मलबारी चापडा. हा जगात फक्त आपल्या सह्याद्रीच्या रांगांत, म्हणजे पश्चिम घाटातच सापडतो. १८५४ साली जेर्डन नावाच्या एका इंग्रज डॉक्टरने शास्त्रीय नाव देऊन त्याची नोंद केली. अर्थात वाडीतल्या लोकांना तो त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होता! याची लांबी सहसा हात-दीड हात, फार तर मीटरभर. आणि रंगाचं म्हणाल तर एकाच जातीत कुणी हिरवा, कुणी पिवळा, कुणी तपकिरी, कुणी नारिंगीकडे झुकणारा. म्हणून नुसत्या रंगावरून त्याला ओळखायला जाल तर फसाल.

झाडावरच्या हिरव्या सापाला आपल्याकडे बरेच जण सरसकट हरणटोळ म्हणतात. पण हरणटोळ वेगळा. तो चाबकाच्या दोरीसारखा बारीक आणि लांब, तोंड पेन्सिलीच्या टोकासारखं निमुळतं. तो झाडावरून उडी मारून माणसाची टाळू फोडतो, अशी एक समजूत आहे. बिचारा हरणटोळ! त्याचं विष सौम्य, दात जबड्यात मागे, आणि त्याचं सगळं लक्ष सरडे-बेडकांकडे. चापडा मात्र घोणस आणि फुरसे यांच्या घराण्यातला. त्याचे पुढचे विषदंत लांब असतात. तोंड मिटलं की ते मिटत्या चाकूसारखे आत दुमडून बसतात.

चापडा दिवसा बसून राहतो, रात्री शिकार करतो. शिकारीमागे धावत मात्र नाही. एका जागी दबा धरून वाट पाहतो. बेडूक, सरडा, उंदीर, लहानसा पक्षी जवळ आला की झडप! म्हणून तर दिवसच्या दिवस तो एकाच फांदीवर दिसतो. न दिसणं हीच त्याची ढाल. हलला तर दिसेल, दिसला तर शिकार पळेल आणि त्याला खाणारे पक्षीही येतील. माणूस जवळ आला तरी त्याचा पहिला उपाय हाच, गप्प राहायचं. विष तयार करायला त्याला वेळ लागतो, ताकद लागते. जो प्राणी आपल्याला गिळता येणार नाही, त्याच्यावर ते वाया घालवायची त्याला हौस नसते.

पण मुलांनो, इथेच खरी अडचण आहे. तो पळत नाही म्हणूनच धोका! नागाला चाहूल लागली तर बहुतेक वेळा तो निघून जातो, नाहीतर फणा काढून बजावतो. चापडा तिथेच बसून राहतो. आणि एखाद्याने न पाहता त्याच फांदीला हात घातला, तर तो चावतो.

हीच गोष्ट आमच्या पोषण आहार शिजवणाऱ्या काकींनी मला सुनावली. काकी वाडीतल्याच. त्यांची मुलगी आमच्या चौथीत. हातातला डाव तसाच धरून त्या म्हणाल्या, “बाई, आज गप बसलो आसा. उद्या एखाद्या पोराक चावलो तर? मगे काय करतलास?”

काकींच्या या प्रश्नाला मी हसून उत्तर देऊ शकत नव्हते. का ते सांगते. काही वर्षांपूर्वी घाटाखालच्या एका गावी भात कापताना काकींच्या यजमानांना फुरसं चावलं होतं. बारा दिवस ते दवाखान्यात होते. जीव वाचला, पण उजव्या हाताचं एक बोट गेलं. त्यांची मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. तेव्हापासून ती जमिनीवर पडलेली दोरी पाहिली तरी थबकायची. साकवावर त्या संध्याकाळी ती सगळ्यांत मागे होती. तिने माझ्या छत्रीची दांडी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती आणि सापाकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी देवळात माणसं जमली. एकाने काठी तयारच ठेवली होती. वनरक्षकही होते. त्यांनी आधी कायदा सांगितला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे असा साप मारणं हा गुन्हा आहे. लोक गप्प राहिले, पण त्यांना ते पटलं नव्हतं. कायद्याने पोराचा हात वाचत नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. आणि मला विचाराल तर ती भीती खोटी नव्हती. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सुमारे १२ लाख माणसं सर्पदंशाने दगावली. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार! त्यांतली बरीच शेतावर राबणारी, खेड्यातली. सापाला हात जोडा म्हणणं शहरात सोपं असतं. अंधारात अनवाणी पायाने गोठ्यात जाणाऱ्याला ते सांगताना जरा जपूनच सांगावं लागतं.

मग वनरक्षकांनी दुसरी गोष्ट सांगितली. आपल्याकडे सर्पदंशाने जीव जातात ते बहुतेक करून चार सापांमुळे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. दवाखान्यात मिळणारं सापाच्या विषावरचं औषध या चौघांच्या विषापासूनच बनवतात. घोड्याला त्या विषाचे अगदी थोडे थोडे डोस देतात आणि त्याच्या रक्तात तयार झालेल्या विषविरोधी द्रव्यापासून औषध करतात. मुंबईत परळला हाफकिन संस्था आहे, तिचं नाव या कामाशी जोडलेलं आहे. चापड्याच्या विषासाठी मात्र वेगळं औषध आपल्याकडे तयार होत नाही. त्याच्या दंशाने खूप दुखतं, सूज येते, पण मृत्यू क्वचितच होतो. डॉक्टर लक्षणं पाहून उपचार करतात.

“म्हणजे औषध नाय, आणि वर त्याक मारूचो पण नाय!” काठीवाले काका म्हणाले. कुणीतरी हसलं. काकी हसल्या नाहीत.

“मारलात तर काय होईल?” वनरक्षक म्हणाले. “या व्हाळाला असे आणखी असतीलच. तुम्हाला दिसलेला एक माराल, न दिसलेले किती? आणि हा उचलून दूर नेऊन सोडला तर ती जागा त्याला परकी. तो काही साकव बघायला आलेला नाही. बेडूक आहेत म्हणून आलाय. चार-आठ दिवसांत आपणहून सरकेल. तोवर मुलांची वाट बदला आणि तो गेला की साकवावर झुकलेल्या फांद्या तोडून टाका. मग हात घालायला फांदीच उरणार नाही.”

पटण्यासारखं होतं, पण फुकट नव्हतं. सात मुलांना रोज वळशाच्या रस्त्याने यायचं, म्हणजे जाऊन-येऊन पन्नास मिनिटं जास्त. तीही भर पावसात. एका सापासाठी? कुणी काही बोलेना. शेवटी कोपऱ्यात घोंगडी पांघरून बसलेले एक आजोबा बोलले. त्यांना आधी एका पोराने विचारलं होतं, “आजोबा, तो किरडू कशाक उपयोगाचो?” आजोबा म्हणाले, “आमी तरी तेच्या कसल्या उपयोगाचे?”

एवढंच. पण देवळातलं वातावरण जरा सैल झालं. मीही पुढे होऊन म्हटलं, की सकाळी रस्त्याच्या फाट्यावर मी स्वतः मुलांना घ्यायला येईन आणि संध्याकाळी सोडीन. काकींनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “रोज?” “रोज,” मी म्हटलं. काठीवाले काका काठी घेऊनच घरी गेले, पण सकाळी साकवाच्या वाडीकडच्या टोकाला दोरी बांधून वाट बंद करणारेही तेच होते.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या शाळेत एक वही सुरू झाली. वनरक्षकांनी शाळेकडच्या टोकाला एक दगड मांडून दिला होता. त्याच्या पुढे कुणी जायचं नाही. तिथून साप चांगला दहा पावलांवर. मधल्या सुट्टीत मी मुलांना तिथे न्यायची. गडबड नाही, दगड मारणं नाही, बॅटरीचा झोत नाही. पाहायचं आणि येऊन लिहायचं.

पहिल्या दिवशीच्या नोंदी मजेदार होत्या. ‘साप बसला आहे.’ दुसऱ्या दिवशी: ‘साप बसला आहे. काल डोके शाळेकडे होते. आज वाडीकडे आहे.’ तिसऱ्या दिवशी: ‘साप बसला आहे. एका माशीने त्याच्यावर बसून पाय पुसले.’ पाहा हं, तीन दिवसांत मुलांची नजर कशी बारीक होत गेली! आधी त्यांना साप दिसत होता, मग डोकं कुठे वळलंय ते दिसलं आणि मग माशीसुद्धा.

चौथ्या दिवशी एका मुलाचे वडील रात्री बॅटरी घेऊन खेकड्यांना निघाले होते. त्यांनी येऊन सांगितलं, की रात्री चापडा फांदीवरून लोंबून खाली डोकं करून होता आणि त्याच्या तोंडात बेडूक होता. वर्गात नुसता कल्लोळ! मिट्ट काळोखात त्याला शिकार दिसते कशी?

याचं उत्तर फार नवलाचं आहे. चापड्याच्या डोळ्याच्या आणि नाकपुडीच्या मध्ये, दोन्ही बाजूंना एकेक खोलगट खाच असते. या खाचेत एक पातळ पडदा असतो, त्याला उष्णता कळते. उंदीर, पक्षी यांची अंगं उबदार. समोर उबदार अंग आलं की डोळे न वापरताही सापाला कळतं, अमुक दिशेला काहीतरी ऊन आहे. अमेरिकेतल्या डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने २०१० मध्ये खाच असलेल्या सापांमध्ये ही उष्णता ओळखणारा पदार्थ शोधून काढला. आणि गंमत ऐका. त्याच जातीचा पदार्थ आपल्याही अंगात असतो, पण आपल्याला तो फेसलेल्या मोहरीची झणझण कळवतो! आपल्या नाकात पाणी आणणाऱ्या त्या गोष्टीचा सापाने केवढा वेगळा उपयोग करून घेतला. ज्युलियस यांना पुढे २०२१ मध्ये उष्णता आणि स्पर्श यांच्या संशोधनासाठी दुसऱ्या एका शास्त्रज्ञांबरोबर नोबेल पारितोषिक मिळालं.

आजोबांना उपयोग विचारणाऱ्या त्या पोरालाही मी एक गोष्ट सांगितली. ब्राझीलमध्ये चापड्याच्याच भाऊबंदांतला जराराका नावाचा साप आहे. तो चावला की माणसाचा रक्तदाब एकदम खाली जातो. शास्त्रज्ञांनी त्याच्या विषाचा अभ्यास केला आणि त्यातून रक्तदाबावरचं कॅप्टोप्रिल हे औषध निघालं. १९८१ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. तेव्हापासून कितीतरी लोकांना त्याचा उपयोग झाला. “पण त्यांनी तरी जराराकाला आधी विचारलं होतं का?” असं त्या पोराने मला विचारलं. आजोबांचाच नातू तो!

आता काकींच्या मुलीबद्दल. पहिले तीन दिवस ती दगडापर्यंत आलीच नाही. वर्गातच बसायची. मी आग्रह केला नाही. भीती ही काही मस्ती नव्हे, की दटावली आणि गेली. वहीत नोंद करणाऱ्यांचं अक्षर वाईट होतं, म्हणून वही तिच्याकडे दिली. मुलं येऊन सांगायची, ती सुवाच्य अक्षरात लिहायची. पाचव्या दिवशी मुलांच्यात भांडण लागलं. एक म्हणे ठिगळं सहा, दुसरा म्हणे आठ. कुणाचं लिहायचं? ती उठली, छत्री घेतली आणि माझ्याबरोबर आली. दगडाच्याही मागे दोन पावलं उभी राहिली. पाऊस धो धो कोसळत होता. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली,

“बाई, तेका पाऊस लागणा नाय?”

“लागत असेल की.”

“मगे तो घरात कित्याक जाणा नाय?”

मी काही बोलले नाही. तिने ठिगळं मोजली. दिसत होती ती सात. वहीत तिने लिहिलं: ‘सात. वेटोळ्याखालची दिसत नाहीत.’ त्या दिवशी दुपारी काकींनी आमटी वाढता वाढता विचारलं, “गेलो काय गो तो?” मुलगी म्हणाली, “नाय गे आई. भिजता.”

सातव्या दिवशी फांदी रिकामी होती. सगळ्यांनी दगडापाशी उभं राहून डोळे ताणले. वाळकं पान होतं, शेवाळ होतं, बेचकं होतं. चापडा नव्हता. खरं तर आनंद व्हायला हवा होता, उद्यापासून जवळची वाट मोकळी! पण मुलांचे चेहरे उतरले. त्या दिवशी गावकऱ्यांनी कोयत्या घेतल्या, काठीने आधी फांद्या ठोकून पाहिल्या आणि साकवावर झुकलेलं सगळं छाटलं. दोन्ही बाजूंना हातभर मोकळी जागा केली. काकींचे यजमान डाव्या हाताने कोयती चालवत होते. मुलगी शेजारी उभी राहून सांगत होती, “बाबा, आदी बगा, मगे हात घाला.”

त्या वर्षी नागपंचमी १५ ऑगस्टलाच आली होती. झेंडावंदन झालं, खाऊ वाटला, आणि मुलांनी पाटीवर नागोबा काढले. कुणी एक फण्याचा, कुणी पाच फण्यांचा. एका पाटीवर मात्र फणाच नव्हता. तिकोनी डोकं, वेटोळं, अंगावर सात ठिगळं आणि तोंडाच्या टोकाशी पाण्याचा एक थेंब. पाटी कुणाची, ते मी सांगायला नको.

बालमित्रांनो, तुमच्यातले कितीतरी जण पावसाळ्यात आंबोलीला, महाबळेश्वरला, कोकणात फिरायला जातात. चापडा दिसायचा काळ तोच. तेव्हा काही गोष्टी लक्षात ठेवा. फांदीला, कठड्याला, दगडाच्या कपारीला हात लावण्याआधी डोळ्यांनी पाहून घ्या. साप दिसला तर जिथे आहात तिथे थांबा, हळूच मागे या आणि मोठ्या माणसाला सांगा. त्याला डिवचू नका. त्याच्याबरोबर फोटो काढायला जवळ जाऊ नका. रात्री बॅटरीशिवाय आणि पायात काही घातल्याशिवाय बाहेर पडू नका. आणि समजा, कुणाला साप चावलाच, तर मांत्रिक नाही, जखम कापणं नाही, विष तोंडाने ओढणं नाही, दोरीने करकचून आवळणं नाही. त्या माणसाला धीर द्या, चालायला लावू नका, चावलेला हात किंवा पाय न हलवता लवकरात लवकर दवाखान्यात न्या. महाराष्ट्रात १०८ नंबर फिरवला की रुग्णवाहिका येते. साप पकडून दाखवायला नेण्याची मुळीच गरज नाही.

आणि हो, घरी सापाचं नाव घ्यायला बंदी असेल तर असू द्या. मोठ्यांशी त्यावरून वाद घालू नका. मात्र एक वही करा. तुमच्या परसात, शेतात, शाळेच्या वाटेवर जे जे दिसेल ते लांबून पाहा आणि लिहा. पहिल्या दिवशी ‘बसला आहे’ एवढंच सुचेल. सुचू द्या. तिसऱ्या दिवशी माशी दिसते!